नोंदवही आणि शेजार

१७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, एक फर्मान काढले. ख्रिस्ती झालेल्या गोवेकरांनी काय काय करायचे नाही, याची ती यादी आहे. लग्नात नवरानवरीला हळद आणि खोबरेल लावायचे नाही. ओव्या म्हणायच्या नाहीत, देशी वाद्ये वाजवायची नाहीत. पानविड्याची आणि फुलांची देवघेव करायची नाही. अंगणात तुळस ठेवायची नाही. एकादशीचा उपास धरायचा नाही. भात शिजवताना मीठ घातलेच पाहिजे, कारण हिंदू बिनमिठाचा शिजवतात. पुरुषांनी धोतर नेसायचे नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ सालच्या इन्क्विझिशनवरील इंग्रजी ग्रंथामुळे हे फर्मान आपल्या पिढ्यांना सहज वाचता आले. पहिल्या वाचनात अंगावर येते ती त्यातली सक्ती. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात येते की कुणीतरी फार नीट पाहिले होते. माजघरात काय चालते, व्याही एकमेकांकडे काय पाठवतात, चुलीवरच्या भांड्यात मीठ पडते की नाही, इथपर्यंत कुणाचे तरी डोळे पोचले होते. लोकजीवनाच्या अभ्यासकाला हेवा वाटावा अशी ही नोंद आहे, आणि तिचा हेतू एकच होता : जे टिपले ते मोडून काढायचे.

मिशनच्या कामात पडणाऱ्या ख्रिस्ती माणसाला परक्या समाजात जाऊन पाहायला, ऐकायला, विचारायला आणि लिहून ठेवायला शिकवणारे हे पुस्तक आहे. विद्यापीठांतून या विद्येला एथ्नोग्राफी म्हणतात. पेडणे आणि डिचोली हे गोव्याच्या उत्तरेकडचे दोन तालुके या पुस्तकाने अभ्यासाचे क्षेत्र म्हणून घेतले आहेत. अशा पुस्तकाची प्रस्तावना त्या फर्मानाने सुरू व्हावी असे मला वाटले. गोव्यात ख्रिस्ती माणूस हातात वही घेऊन शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी उभा राहतो, तेव्हा त्याच्या मागे हा इतिहास उभा असतो. शेजारी बोलून दाखवत नाही, पण त्याला तो ठाऊक असतो.

त्याच इतिहासात दुसरी वाटही आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरला आणि उरलेले सारे आयुष्य त्याने मुख्यतः दक्षिण गोव्यातल्या साष्टीत काढले. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनच्या जवळची असल्याचे त्याने नोंदवले. युरोपातल्या पंडितांनी ही गोष्ट पुढे दोनशे वर्षांनी गाजवली. १६१६ साली रायतूरला छापलेले त्याचे 'क्रिस्तपुराण' दहा हजारांहून अधिक ओव्यांचे आहे. मराठीच्या कौतुकाचा उतारा म्हणून शाळेपासून आपण त्याचा उल्लेख ऐकतो, आणि तेवढ्यावर थांबतो. क्षेत्राभ्यासाच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की आमची जुनी पुराणे तर तुम्ही बंद केलीत, आता आम्ही वाचायचे काय? पुढेही श्रोते मधूनमधून शंका काढत राहतात. म्हणजे ऐकणाऱ्यांची तक्रार स्टीफन्सने ऐकली, आणि ती लपवून न ठेवता ग्रंथाच्या चौकटीतच बसवली. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या समाजाला त्याने पुराणच दिले, त्यांच्याच छंदात. हे नुसत्या भाषाज्ञानाने साधत नाही. संध्याकाळी लोक कुठे जमतात, कुणाच्या तोंडून काय ऐकतात, मान कुठे डोलते, हे वर्षानुवर्षे पाहावे लागते.

तरीही स्टीफन्सला देव्हाऱ्यात बसवण्याची घाई नको. साष्टीतली देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली होती आणि तो आला तो ती पाडणाऱ्या पोर्तुगीज राज्यकर्त्यांच्याच छायेत. त्याच्या मागून आलेल्या एत्येन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाने सेंट पीटरच्या चरित्रावर मराठी ओवीबद्ध ग्रंथ रचला. तो १६२९ ते १६३४ या काळात छापला गेला. त्याचा मराठी आणि पौराणिक वाङ्मयाचा व्यासंग थक्क करणारा आहे, आणि तो जवळजवळ सगळा हिंदू देवदेवतांच्या खंडनाला जुंपलेला आहे. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात रामायण-महाभारताच्या कोंकणी गद्य कथा आणि मराठी काव्ये रोमन लिपीत उतरवून घेतलेली हस्तलिखिते आहेत. तीही याच काळातल्या जेझुइट परिश्रमाची. कोंकणीतले इतके जुने गद्य दुसरीकडे मिळणे कठीण, म्हणून आज आपण त्या लेखनिकांचे ऋणी आहोत. पण सोळाव्या शतकाच्या मध्यावर दिवाडी बेटावरच्या एका ब्राह्मणाच्या घरातून पोथ्या पळवून आणल्या गेल्या आणि त्यांतला मजकूर वादविवादात वापरला गेला, हेही त्याच ज्ञानसंग्रहाचे एक पान आहे. ज्ञान खरे असते आणि ते मिळवण्याची रीत खोटी असते, असे होऊ शकते. या पुस्तकाच्या वाचकाने हे आधी पचवायला हवे.

आता पेडणे-डिचोलीकडे येऊ, कारण तिथली गोष्ट साष्टी-बारदेशासारखी नाही. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या पोर्तुगिजांच्या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले प्रदेश. सक्तीची धर्मांतरे, देवळांचा विध्वंस, देवांची पळापळ हे सगळे प्रामुख्याने तिथले. पेडणे, डिचोली, सत्तरी हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांच्या हुकमतीतला. अठराव्या शतकाच्या मध्यावर एका व्हाइसरॉयने पेडणे तालुक्यातला हळर्ण्याचा किल्ला घेतला आणि त्याबद्दल 'मार्केस द आलोर्ना' हा किताब मिळवला, पण ही भूमी पोर्तुगिजांच्या हातात टिकली ती १७८० च्या दशकापासून. तोवर काळ बदलला होता. या नव्या काबिजादींतल्या लोकांचे धर्म आणि रीतिरिवाज अबाधित राहतील, अशी हमी राज्यकर्त्यांना द्यावी लागली. इन्क्विझिशनही १८१२ साली कायमचे बंद झाले. पुढे १८५३ साली नव्या काबिजादींच्या रीतिरिवाजांची कायदेसंहिता झाली आणि १८८० साली गोव्यातल्या हिंदूंच्या रूढींविषयीचा हुकूम निघाला. लग्न, दत्तक, एकत्र कुटुंब यांबद्दल गावागावांतून काय चालते हे त्यासाठी सरकारला समजून घ्यावे लागले. फर्मानाच्या यादीत रूढी गुन्हा होती, इथे ती कायदा झाली.

म्हणून डिचोलीत किंवा पेडण्यात चर्च आहे ते जेत्याचे म्हणून नव्हे, हिंदूबहुल मुलखातला एक लहान शेजारी म्हणून. २०११ च्या जनगणनेत गोव्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती पंचवीस टक्के होते. या दोन तालुक्यांत त्यांचे प्रमाण त्याहून बरेच कमी आहे. हरमल, मांद्रे, तेरेखोल अशी ख्रिस्ती वस्तीची ठिकाणे आहेत, बाकी पंचक्रोशी सातेरी, रवळनाथ, भूमिका, माउली या ग्रामदैवतांची. इथल्या ख्रिस्ती माणसाला शेजाऱ्याच्या देवाची तिथी पाठ असते, कारण त्या दिवशी रस्ता बंद असतो, शाळेत पोरे नसतात आणि जेवणाचे बोलावणे आलेले असते. हा शेजार हीच या पुस्तकाची खरी प्रयोगशाळा आहे, असे मी मानतो.

या विद्येचा गोव्याबाहेरचा प्रवासही नवख्या वाचकाला थोडक्यात माहीत हवा. मेक्सिकोत सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो द साआगुन या फ्रान्सिस्कन पाद्रीने नाहुआ वडीलधाऱ्यांना बसवून, त्यांच्याच भाषेत प्रश्न विचारून, त्यांच्याच शिकलेल्या मुलांकडून उत्तरे लिहून घेतली आणि बारा खंडांचा ज्ञानकोश उभा केला. रोग बरा करायचा तर वैद्याला तो ओळखता आला पाहिजे, ही त्याची भूमिका होती. ती आज आपल्याला खटकते, खटकायलाच हवी, पण त्याची पद्धत आजच्या संशोधकालाही लाजवील. मदुरेत १६०६ पासून रॉबर्तो द नोबिली हा इटालियन जेझुइट संन्याशाच्या वेषात राहिला, तमिळ आणि संस्कृत शिकला. रूढी कोणती आणि धर्म कोणता, ही रेषा कुठे मारायची यावर त्याच्यामुळे रोमपर्यंत वाद पेटला. १६२३ साली पोपने त्याच्या बाजूने कौल दिला, १७४४ साली दुसऱ्या पोपने ती दारे पुन्हा लावली. तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला १७०६ साली आलेल्या त्सीगेनबाल्ग या जर्मन मिशनऱ्याने दक्षिणेतल्या देवदेवतांवर १७१३ साली सविस्तर ग्रंथ लिहिला. युरोपातल्या त्याच्या वरिष्ठांना तो रुचला नाही आणि दीडशे वर्षे तो छापला गेला नाही.

विसाव्या शतकात चित्र बदलते. बऱ्याच ठिकाणी मिशनरी आणि मानवशास्त्रज्ञ एकमेकांना नाके मुरडत होते, तरी एकमेकांची पुस्तके वाचत होते. विल्हेल्म श्मिट या पाद्रीने १९०६ साली 'अँथ्रोपॉस' हे नियतकालिक सुरू केले. त्याच परंपरेतले ऑस्ट्रियन फादर स्टीफन फुक्स यांनी निमाडातल्या बलाही समाजावर १९५० साली मोठा ग्रंथ लिहिला आणि मुंबईत भारतीय संस्कृतीच्या अभ्यासाची संस्था उभी केली. विल्यम आणि शार्लट वायझर हे प्रेस्बिटेरियन जोडपे उत्तर प्रदेशातल्या एका गावात राहिले. बलुतेदारीच्या उत्तरेकडच्या रूपावर, जजमानीवर, विल्यम वायझर यांनी १९३६ साली लिहिलेले पुस्तक समाजशास्त्राच्या वर्गात अजून वाचले जाते. अमेरिकेत यूजीन नायडा यांचे १९५४ चे 'कस्टम्स अँड कल्चर्स' आणि लुई लुझबेटाक यांचे १९६३ चे 'द चर्च अँड कल्चर्स' यांनी मिशनसाठी मानवशास्त्र हा स्वतंत्र विषय म्हणून रुजवला. आतल्या माणसाची समज आणि बाहेरून पाहणाऱ्याची मांडणी यांतला फरक दाखवणारी 'एमिक' आणि 'एटिक' ही जोडी आज सगळ्या समाजशास्त्रांत चालते. ती केनेथ पाइक या बायबल-भाषांतराच्या कामातल्या भाषाशास्त्रज्ञाची देणगी आहे.

याच काळात दुसरा एक प्रवाह जोरात होता, आणि त्याबद्दल माझे मत मी लपवत नाही. मध्य प्रदेशातल्या दमोह इथे जन्मलेले मिशनरी डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांच्या १९५५ च्या पुस्तकातून पुढे 'चर्च-वाढी'ची विचारसरणी निघाली. माणसे एकेकटी येत नाहीत, नात्यागोत्यासह, जातीसह येतात, हे त्यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. पण त्यातून पुढे जी गणिते मांडली गेली त्यांत समाज म्हणजे 'गट' झाला, गट म्हणजे 'लक्ष्य' झाले आणि नोंदवहीत माणसांऐवजी टक्केवारी भरू लागली. एखाद्या जातीचे वर्णन चार ओळींत, त्यांच्या 'अडचणी' दोन ओळींत आणि 'प्रवेशद्वार' एका ओळीत, असे तक्ते आजही फिरतात. १७३६ च्या यादीत आणि या तक्त्यात मला अंतर कमी दिसते. दोन्हीकडे पाहणारा एकटाच बोलतो.

या साऱ्यात मला सर्वांत उपयोगी वाटतात ते पॉल हिबर्ट. तेलंगणातल्या शमशाबादला १९३२ साली मिशनरी घरात जन्मलेल्या या माणसाने आधी एका तेलुगू खेड्याचा रीतसर अभ्यास केला आणि तो 'कोंडूरू' या नावाने १९७१ साली प्रसिद्ध केला. मिशनऱ्यांसाठीचे त्यांचे लेखन त्यानंतर बहरले. शिकलेल्या मिशनऱ्याकडे परमेश्वराबद्दल उत्तरे असतात आणि रोगजंतूंबद्दलही असतात. मधल्या थराबद्दल मात्र त्याच्याकडे काहीच नसते : दृष्ट, भूतबाधा, मुहूर्त, पूर्वजांचा राग, गावच्या सीमेवरचा राखणदार. हिबर्टनी १९८२ साली हे बोट ठेवून दाखवले. पेडण्यात ज्याने चार दिवस काढले त्याला याची सत्यता कळते. आजारी गाय, हरवलेले मूल, मोडलेले लग्न यांसाठी माणूस मोठ्या देवाकडे नंतर जातो. आधी जातो तो घाड्याकडे म्हणजे मांत्रिकाकडे, देवचाराच्या म्हणजे राखणदाराच्या ठिकाणी विडी-सोडा ठेवायला किंवा देवळात कौल लावायला. ख्रिस्ती घरांतही हा थर नाहीसा झालेला नाही, हे गोव्यातल्या प्रत्येक फादरला माहीत असते. रोवेना रॉबिन्सन यांनी दक्षिण गोव्यातल्या ख्रिस्ती जीवनावर १९९८ साली आणि अलेक्झांडर हेन यांनी हिंदू-ख्रिस्ती भेटीवर २०१४ साली लिहिलेली पुस्तके याच गुंत्याची आहेत. मिशनशी संबंध नसलेल्या या अभ्यासकांनी आपल्याला आपलेच घर दाखवले, याची नोंद आपण कृतज्ञतेने घ्यायला हवी.

मराठी वाचकाला या विषयात एक मोठे धन घरीच आहे, आणि या क्षेत्राच्या इंग्रजी पुस्तकांत त्याचा उल्लेख क्वचित सापडतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या कीर्तनांवर आणि अभंगांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण धर्मांतराने एका घराचे काय होते, बायको माहेरी परतते तेव्हा ओसरीवर कोण काय बोलते, हातचे पाणी घ्यायचे की नाही यावर आतड्याची माणसे कशी तुटतात आणि कशी पुन्हा जोडली जातात, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त जसे आहे तसे एकाही मिशनच्या अहवालात नाही. मिशन ज्याला 'निर्णय' म्हणते तो घरातल्या दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांनी कसा दिसतो, हे शिकायचे तर हेच पुस्तक हवे. आपल्या प्रशिक्षणवर्गांत ते सक्तीचे करावे, अशी माझी जुनी मागणी आहे.

आता प्रत्यक्ष कौशल्याकडे. पाहणे आणि ऐकणे शिकवावे लागते यावर पुष्कळांचा विश्वास नसतो. म्हणून एकच गोष्ट जवळून दाखवतो : गाऱ्हाणे. पेडण्यात नांगर धरण्यापासून नाटकाचा पडदा उघडण्यापर्यंत काहीही सुरू करायचे तर देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात. एक मानकरी मोठ्याने बोलत जातो आणि प्रत्येक टप्प्यावर जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. नवखा अभ्यासक भ्रमणध्वनीवर ते ध्वनिमुद्रित करतो, 'प्रार्थना' असा शेरा मारतो आणि निघून जातो. ज्याने शिकून घेतले आहे तो वेगळे पाहतो. बोलणारा कोण, आणि आज तोच का? तो आजारी असला तर कुणाचा हक्क? देवांची नावे कोणत्या क्रमाने आली, सीमेवरचा राखणदार आधी की ग्रामदेवता आधी? बारापाचाच्या देवस्कीचे नाव घेतले तेव्हा कोण सरसावून उभे राहिले? पूर्वजांचा उल्लेख कुठे आला? कुठल्या वाड्याची माणसे मंडपात होती आणि कुठली बाहेर आंब्याखाली? नारळ फुटल्यावर त्याची शकले कुणाला कोणत्या क्रमाने गेली? पाच मिनिटांच्या त्या बोलण्यात गावाची सीमा असते, मानपान असतो, जुने तंटे असतात आणि आज लोकांना कशाची भीती वाटते तेही असते. तलाठ्याच्या दप्तरात हा नकाशा मिळत नाही.

मग त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, सविस्तर लिहायचे. जे दिसले ते एका जागी, जे कुणी सांगितले ते दुसऱ्या जागी आणि आपल्याला जे वाटले ते तिसऱ्या जागी. सांगणारा कुठे बसला होता आणि कोण ऐकत होते तेही लिहायचे, कारण सासूसमोर सून देते ते उत्तर विहिरीवर देत नाही. जेम्स स्प्रॅडली यांनी १९७९ आणि १९८० साली प्रसिद्ध केलेल्या दोन पाठ्यपुस्तकांत मुलाखतीची आणि निरीक्षणाची जी पायरीपायरीने शिकवण आहे, ती अजून जुनी झालेली नाही. आधी मोकळे प्रश्न, मग लोकांनी वापरलेल्या शब्दांवरून पुढचे प्रश्न. 'तुम्ही देवाला का मानता?' हा प्रश्न विचारून आजवर कुणाला काही कळलेले नाही. 'पुनवेच्या दिवशी सकाळपासून तुमच्या घरात काय काय होते?' असे विचारले की माणूस तासभर बोलतो.

भाषेचेही तसेच आहे. पेडण्यातल्या माणसाला शुद्ध मराठीत विचारलेत तर तो शुद्ध मराठीत उत्तर देईल, कारण ती शाळेची, वर्तमानपत्राची, भजन-कीर्तनाची भाषा. उत्तर सभ्य असेल, अपुरे असेल. घरची बोली म्हणजे मालवणीच्या अंगाने जाणारी पेडणेकरी कोंकणी. ती कानावर पडली की तोच माणूस वेगळा बोलू लागतो. रात्री दशावतारात संकासुराच्या तोंडी बोली आणि राजाच्या तोंडी ग्रांथिक मराठी असते, ते नुसते हसण्यासाठी नाही. कोणती गोष्ट कोणत्या भाषेत बोलायची हे ठरलेले असते, आणि धर्माच्या गोष्टीही त्याला अपवाद नाहीत. सुवार्ता मराठीत सांगायची की कोंकणीत, देवनागरीत छापायची की रोमीत, हा वाद कार्यालयात बसून सुटणार नाही.

आणि सात बहिणींची, म्हणजे बहिणी मानलेल्या सात देवींची, गोष्ट. डिचोली तालुक्यात शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया. पेडण्यात मोरजीची मोरजाई. त्यांच्यातलीच एक म्हापशाची मिराबाई, तीच मिलाग्रेस सायबीण, म्हणजे चर्चमधली मारिया माता, झाली, असे लोक सांगतात. बहिणींच्या याद्या गावागणिक थोड्या बदलतात. वैशाखातल्या लईराईच्या जत्रेला धोंड, म्हणजे तिचे भक्त, व्रत धरून, न्हाऊन, होमखणातून, म्हणजे निखाऱ्यांतून, चालत जातात. त्याच दिवसांच्या आगेमागे म्हापशाच्या चर्चमधल्या सायबिणीच्या फेस्ताला हिंदू भाविकांची रीघ लागते, आणि दोन्हीकडून तेलाफुलांची देवघेव चालत आल्याचे सांगतात. ईशज्ञान शिकलेला तरुण सेवक हे पाहून गोंधळतो. हे आपण मान्य करायचे की सुधारायचे, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. पुस्तकाचा आग्रह असा की तो प्रश्न काही काळ मिटून ठेवावा. आधी त्या बाईला विचारावे, जी शिरगावला जाते आणि म्हापशालाही जाते : ती बहिणीकडून बहिणीकडे काय घेऊन जाते आणि काय घेऊन येते? ख्रिस्ती सेवकाने स्वतःचा विश्वास बाजूला ठेवावा असे यात कुणी म्हटलेले नाही. निवाडा करण्यापूर्वी साक्ष पूर्ण ऐकावी, एवढेच मागणे आहे.

श्रद्धांच्या मागे लागून पोटाच्या गोष्टी सुटू नयेत, याबद्दल पुस्तक दक्ष आहे, ते मला फार आवडले. डिचोलीच्या खाणपट्ट्यात २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खनिज उत्खनन थांबले. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या घरांवर काय ओढवले आणि त्याआधी खाणींनी शेतीचे व विहिरींचे काय केले होते, हे न कळता शिरगावच्या नवसांचा अर्थ कळणार नाही. जत्रा आणि खाण तिथे एकाच गावात आहेत. पेडण्यातल्या मोपाच्या पठारावरचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. जमीन गेलेले, नोकरी लागलेले आणि दोन्हीतले काही न मिळालेले असे तीन तऱ्हेचे पेडणेकर आज एकाच देवळाच्या पायरीवर बसतात. किनाऱ्यावर मोरजी-हरमलला निराळेच जग आहे. बांधकामांवर परप्रांतातून आलेले मजूर आहेत, आणि त्यांत स्वतःच्या गावचे चर्च मागे टाकून आलेले ख्रिस्तीही आहेत. त्यांच्याकडे वळणारा सेवक मला अजून फार थोड्या ठिकाणी दिसतो.

हे सगळे आजच का शिकायचे? धर्मांतराचा विषय निघाला की गोव्यात आता आवाज चढतात. देशातल्या अनेक राज्यांत याबद्दल कायदे आहेत. धर्माचा प्रचार करण्याच्या घटनादत्त हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात १९७७ सालीच सांगितले आहे. अशा काळात दोन मोह होतात. एक गप्प बसण्याचा, दुसरा लपूनछपून काम करण्याचा. क्षेत्राभ्यासाच्या नावाखाली दुसरा मोह सहज खपतो. सर्वेक्षणाचा कागद पुढे करायचा, शिक्षक किंवा पर्यटक म्हणवून घ्यायचे आणि मनात दुसरेच काही ठेवायचे. या पुस्तकाने या बाबतीत जराही सवलत दिलेली नाही. मी कोण, कुठल्या चर्चचा, कशासाठी विचारतो आणि जे सांगाल त्याचे काय करणार, हे पहिल्या भेटीत सांगितले पाहिजे. समोरच्याने नको म्हटले की वही मिटली पाहिजे. कोण विधवा, कोण कर्जबाजारी, कुणाचा मुलगा दारूडा अशा नोंदी नावानिशी ठेवायच्या नाहीत. अशी वही कुणाच्याही हाती पडू शकते आणि तिचा वापर करण्याचा मोह आपल्यालाच आधी होतो. संकटात सापडलेल्या माणसाच्या दारात अभ्यासासाठी जायचे नाही. मदत करता येत असेल तर मदतीसाठी जायचे आणि वही घरी ठेवायची. लिहिलेले गावाला वाचून दाखवायचे, ध्वनिफितीची प्रत ज्याचा आवाज आहे त्याला द्यायची.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, कॅथलिक चर्चमध्ये इतर धर्मांकडे पाहण्याची भाषा बदलली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही हिबर्टसारख्यांनी सुवार्तेच्या स्थानिक संस्कृतीत विचारपूर्वक रुजवणुकीचा आग्रह धरला. १८८७ साली आगोंदला सुरू होऊन पुढे पिलारला स्थिरावलेली झेवियर मिशनरी सोसायटी असो, पर्वरीचे थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र असो, गोव्यात या बदलाला पोषक असे काम करणारे हात आहेत. तरीही दैनंदिन कामासाठी मराठीतून लिहिलेले, इथल्याच गावांची उदाहरणे घेणारे हातपुस्तक नव्हते. विनायक खेडेकरांसारख्या लोककलेच्या अभ्यासकांनी गोव्याचे सण, मांड आणि खेळ टिपून ठेवले आहेत. इतिहासकार दा. ध. कोसंबींनी पायी हिंडून इतिहास कसा वाचायचा ते शिकवले आहे. हे पुस्तक त्यांच्या खांद्याला खांदा लावू पाहत नाही. त्यांचे धडे चर्चच्या कामात उतरवण्याचा प्रयत्न करते. त्यातले सगळे अभ्यास करून पाहण्याजोगे आहेत, वाचून सोडून देण्याजोगे नाहीत. ते एका हंगामात पुरे होत नाहीत. पावसाळ्यात लावणी, भाद्रपदात चवथ, आश्विनात पेडण्याची पुनव, कार्तिकानंतर जत्रा आणि दशावतार, फाल्गुनात डिचोलीकडचा शिगमो आणि साळचे गडे, वैशाखात शिरगाव, असे एक वर्ष तरी फिरल्याशिवाय गाव कळू लागत नाही.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे, आणि लेखकांनीही ती मान्य केली आहे. पौषात गावोगाव मांडावर धालो होतात. रात्री बायका खेळतात, पुरुषाने तिथे पाय ठेवायचा नाही. या पुस्तकातली बहुतेक सामग्री पुरुषांनी पुरुषांना विचारून जमवलेली आहे, त्यामुळे धालोवरचा भाग ऐकीव आणि पातळ राहिला आहे. आपल्या मंडळ्यांत घरोघर जाणाऱ्या, बाळंतिणीपाशी बसणाऱ्या, आजाऱ्याला पेज नेऊन देणाऱ्या बाया कितीतरी आहेत, पण त्यांच्या हाती वही कुणी दिलेली नाही. पुढच्या आवृत्तीतला तो भाग त्यांनी लिहावा, आणि त्याआधी प्रशिक्षणाच्या वर्गात निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखाव्यात.